“कुठपर्यंत आलास?” : गाडी, फोन आणि कायदा

शुक्रवारी रात्री माझा मुलगा पुण्याहून साताऱ्याला येतो. कितीतरी वर्षं माझी सवय अशी होती की आठ वाजले की फोन लावायचा. “कुठपर्यंत आलास?” तो म्हणायचा, “खंबाटकी चढतोय, आई.” मग मी विचारायची, वाटेत काही खाल्लंस का, भाकरी आत्ता टाकू की थांबू, मावशीचा फोन आला होता, तिला रविवारचं काय सांगू. तो उत्तरं द्यायचा. पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे आणि मी बोलत राहायची.

एका शुक्रवारी बोलता बोलता त्याचं वाक्य मध्येच तुटलं. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि मग काही सेकंद शांतता. “काही झालं नाही आई. पुढे ट्रक बंद पडला होता. दिसलाच नाही.”

घरी आल्यावर मी त्याला खोदून खोदून विचारलं. ट्रकचे मागचे दिवे लागलेले होते. मागे कुणीतरी झाडाची फांदीही टाकून ठेवली होती. माझा आवाज गाडीच्या स्पीकरवर येत होता, त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर होती. तरीही एवढा मोठा ट्रक त्याला दिसला नाही. हे कसं होतं, हे समजून घ्यायला मी वाचायला बसले. वाचता वाचता कायद्यापर्यंत पोचले. जे समजलं ते साध्या शब्दांत इथे मांडते आहे, कारण गाडी चालवणाऱ्यांइतकंच ते घरी वाट बघणाऱ्यांसाठीही आहे.

डोळे, हात आणि मन

गाडी चालवताना लक्ष जातं ते तीन वाटांनी. डोळे रस्त्यावरून हटतात, हात स्टिअरिंगवरून हटतात किंवा मन रस्त्यावरून हटतं. पाण्याची बाटली उघडताना हात जातो. दुकानाची पाटी वाचताना डोळे जातात. ऑफिसातल्या भांडणाचा विचार करताना मन जातं. मेसेज लिहिताना मात्र तिन्ही एकदम जातात, म्हणून तो सगळ्यात घातक.

डोळ्यांचा हिशोब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. आपली लालपरी साधारण ११ मीटर लांब असते, म्हणजे सेकंदाला दोन एसट्यांएवढं अंतर. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या संस्थेने मालवाहू गाड्यांत कॅमेरे बसवून चालकांचा अभ्यास केला. मेसेज करणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांतले सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ८० च्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी शंभर मीटर जाते. नऊ एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढा रस्ता डोळे मिटून कापल्यासारखं झालं. आणि हे फक्त न बघण्याचं अंतर. बघितल्यावर मेंदूला धोका कळायला, पाय ब्रेकवर जायला आणि गाडी थांबायला लागणारं अंतर त्यापुढचं.

एवढं बहुतेकांना पटतं. पटत नाही ते मनाचं.

बघणं आणि दिसणं

१९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये टोरांटोचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघात झालेल्या आणि स्वतःकडे मोबाइल असलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. अपघाताच्या वेळी तो माणूस बोलत होता का, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी बोलत होता का, अशी तुलना केली. फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण चौपट होतो, असं निघालं. हॅण्ड्स-फ्री फोन वापरणाऱ्यांच्या बाबतीतही धोका कमी झालेला दिसला नाही. हात मोकळा ठेवून फारसं काही वाचलं नव्हतं.

याचं कारण युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. प्रयोगशाळेतल्या गाडीत लोकांना बसवलं, समोरच्या पडद्यावर रस्ता दाखवला आणि त्यांची नजर नेमकी कुठे जाते ते यंत्राने टिपलं. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक होते. नंतर त्यांना विचारलं, यातले कुठले फलक पाहिल्याचं आठवतं? हॅण्ड्स-फ्रीवर बोलत असलेल्यांची नजर त्या फलकांवर थेट पडलेली होती, तरी त्यांना ते ओळखता येईनात. बोलत नसलेल्यांना बरेच जास्त ओळखता आले.

डोळा फक्त उजेड आत घेतो. त्यातलं काय ‘दिसलं’ म्हणायचं ते मेंदू ठरवतो, आणि मेंदूची ती ताकद मोजकी असते. आजी म्हणायच्या, “बघतोयस माझ्याकडं, पण आहेस कुठं?” त्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. फोनवर बोलताना मेंदू पलीकडच्या माणसाचा चेहरा रंगवत असतो, त्याच्या बोलण्यातला रोख पकडत असतो, उत्तर जुळवत असतो. उरलेल्या लक्षात सरळ रस्ता, ओळखीचं वळण, नेहमीचं सगळं निभावतं. नेहमीचं नसलेलं तेवढं गळून पडतं: बंद पडलेला ट्रक, अचानक रस्त्यात आलेलं जनावर, दुभाजकातून धावत आलेलं पोर. माझ्या मुलाने ट्रककडे बघितलं होतं. त्या क्षणी तो मनाने साताऱ्यात, माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

इथे कुणीही विचारेल, की मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोच की आपण. त्यातही फरक आहे, आणि तोही तपासून झालेला आहे. त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या प्रयोगात चालकांना ठरलेल्या ठिकाणी महामार्गावरून बाहेर वळायचं होतं. सोबती शेजारी असलेल्यांपैकी बहुतेकांनी बरोबर वळण घेतलं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं वळण चुकलं. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. घाटात समोरून कंटेनर आला की तो आपोआप गप्प होतो, कधी “अरे, डावीकडे बघ” म्हणतो. फोनवरच्या माणसाला घाट दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि त्याला उत्तर न देणं चालवणाऱ्याला उद्धटपणाचं वाटतं. मी मुलाच्या शेजारी बसलेली असते, तर त्या वळणावर एक शब्द बोलले नसते.

सिग्नलला थांबल्यावर पटकन मेसेज बघून घेणाऱ्यांसाठीही एक आकडा सांगते. गाडीला किंवा फोनला तोंडी हुकूम देऊन काम करवून घेतल्यानंतर मन पूर्णपणे रस्त्यावर परत यायला काही यंत्रणांच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो, असं स्ट्रेयर यांच्या २०१५ च्या अभ्यासात आढळलं. म्हणजे सिग्नल हिरवा होतो, गाडी चौक ओलांडते, पुढच्या झेब्रा क्रॉसिंगपर्यंत पोचते, आणि मन अजून वाटेतच असतं.

कायद्यात फोन कधी आला

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. त्यामुळे मूळ कायद्यात फोनचं नाव नसणं साहजिक होतं. लायसन्स निलंबित करण्याची कारणं केंद्रीय नियमांत दिलेली आहेत. त्यांत गाडी चालवताना मोबाइल वापरणं पुढे आलं. पण मुख्य कायद्याच्या कलमांत ते नव्हतं. पोलीस ‘धोकादायक रीतीने वाहन चालवणे’ किंवा तत्सम कलमं लावायचे. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने राज्याच्या पोलीस कायद्यातल्या कलमाबद्दल सांगितलं, की गाडी चालवताना फोनवर बोलणं हा एवढ्यानेच त्या कलमाखाली गुन्हा होत नाही, त्यातून लोकांच्या जिवाला धोका झाला हे दाखवावं लागेल. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून होता. जे लिहिलेलंच नाही ते न्यायालय कुठून आणणार?

पुढच्याच वर्षी ते लिहिलं गेलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये यादी घातली आणि दंडाच्या नव्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाल्या. लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न पाळणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेने गाडी घालणं आणि गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क उपकरण वापरणं. यादीत शेवटी एक मोठं भांडंही ठेवलं आहे: सक्षम आणि काळजीपूर्वक गाडी चालवणाऱ्याकडून जे अपेक्षित असतं त्याच्या फारच खाली जाणारं कुठलंही चालवणं, जिथे धोका त्याला उघड दिसायला हवा. फोनखेरीज इतर गोष्टींनी लक्ष गेलं तर ते या भांड्यात येऊ शकतं.

शिक्षा नीट वाचण्यासारखी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं रस्त्यावरच मिटतात, कारण कलम २०० राज्य सरकारला तडजोडीची रक्कम ठरवण्याचा अधिकार देतं. ती भरली की खटला पुढे जात नाही. महाराष्ट्राने नव्या रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू केल्या. फोनसाठी दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर १०,०००.

लोकांच्या डोक्यात ही रक्कमच राहते, आणि मला वाटतं तिथेच समजण्यात चूक होते. पावती फाडली की विषय संपला असं नाही. कलम १८३ वेगाचं, १८४ धोकादायक चालवण्याचं, १८५ दारू पिऊन चालवण्याचं. कायद्याने फोनला दारूच्या शेजारी बसवलं आहे. कलम २०६ प्रमाणे या गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. मग कलम १९ प्रमाणे, तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित होऊ शकतं आणि पुन्हा तोच गुन्हा झाला तर ते रद्दच होऊ शकतं. रिक्षा, टेम्पो, टॅक्सीवर ज्याचं घर चालतं त्याला तीन महिने म्हणजे काय, हे सांगायला नको. फोन वापरणाऱ्यांचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं.

‘हातात’ म्हणजे कुठे?

गूगल मॅप्स लावणं चालतं का? चालतं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि तेही चालवणाऱ्याची एकाग्रता मोडणार नाही अशा पद्धतीने वापरता येतं. दोन्ही अटी महत्त्वाच्या. फोन स्टँडवर लावून, निघण्याआधी पत्ता टाकून, आवाज ऐकत जाणं या अटींत बसतं. मांडीवर फोन ठेवून दर चौकात नकाशा मोठा करून बघणं बसत नाही.

स्पीकर किंवा ब्लूटूथवर बोलणं? कायद्याचा शब्द ‘हातात धरायचं’ असा आहे, म्हणून हॅण्ड्स-फ्री या कलमाच्या शब्दांत सापडत नाही. विज्ञान एक सांगतं आणि कायदा दुसऱ्या ठिकाणी थांबतो, तो नेमका इथे. मला त्यात कायदा करणाऱ्यांचा मोठा दोष दिसत नाही. हात पोलिसाला दिसतो, कॅमेऱ्याला दिसतो. मन कुठे आहे ते कुणाला दिसणार? पण म्हणून ‘ब्लूटूथ आहे, काळजी नाही’ असं जे आपण एकमेकांना सांगतो, ते फक्त दंडाच्या बाबतीत खरं आहे. दुचाकीवर फोन हेल्मेटमध्ये खोचून बोलत जाणारे तर हातही वाचवतात आणि मनही गमावतात. शिवाय एका कानात दुसऱ्याचं बोलणं असतं, तिथे मागच्या गाडीचा हॉर्न पोचत नाही.

सिग्नलला थांबल्यावर फोन घेण्याची वेगळी सूट या कलमात लिहिलेली नाही. बाजूला, सुरक्षित जागी गाडी लावून, बंद करून बोलणं हा सरळ मार्ग.

शब्द पकडून पळवाट काढणं सगळीकडेच चालतं. इंग्लंडमध्ये एका माणसाने गाडी चालवताना रस्त्यावरच्या अपघाताचं फोनवर चित्रीकरण केलं. त्याला झालेली शिक्षा अपिलात रद्द झाली आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, कारण कायद्यात संवादासाठी फोन वापरण्याला बंदी होती आणि चित्रीकरण हा संवाद नव्हता. न्यायालयाने तेव्हाच बजावलं होतं, की याचा अर्थ असं करायला परवानगी आहे असा घेऊ नका. शेवटी मार्च २०२२ पासून तिथे कायदा बदलला आणि हातातल्या फोनचा जवळजवळ कुठलाही वापर गुन्हा ठरला. फोटो काढणं, गाण्यांची यादी सरकवणं, सगळं. आता २०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा दंडगुण. आपला कायदा ‘वापर’ असा मोकळा शब्द घेऊन चालतो, त्यामुळे रील बघणंही त्यात येतं आणि फोटो काढणंही. ही आपल्या कायद्यातली चांगली बाजू.

अपघात झाला तर

इथून पुढे दंडाची भाषा संपते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गाडी चालवून लोकांच्या जिवाला धोका केला तर कलम २८१. कुणाला गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या भारतीय दंड संहितेत याच गुन्ह्याला दोन वर्षांची कमाल होती.

तपासात फोनच्या नोंदी मागवल्या जाऊ शकतात. कुठल्या मिनिटाला कॉल आला, किती सेकंद चालला, ते सगळं तिथे असतं. तृतीय पक्ष विमा असेल तर जखमी माणसाची किंवा मृताच्या घरच्यांची भरपाई विमा कंपनी देते. तुरुंगवास मात्र विम्यात बसत नाही. आणि तुम्ही स्वतःच जखमी झालात, पण त्या वेळी फोनवर होतात असं दिसलं, तर अपघातात तुमच्याही चुकीचा वाटा धरून तुमची भरपाई तेवढी कमी होऊ शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये देशात रस्त्यांवर १,५३,९७२ माणसं गेली. मोबाइल वापरामुळे झालेले म्हणून नोंदवलेले मृत्यू १,०४०. हा आकडा मी खरा मानत नाही. पोलिसांच्या नोंदीत एका अपघाताला साधारण एकच कारण लिहिलं जातं आणि बहुतेक अपघात ‘अतिवेग’ या रकान्यात जातात. समोरच्या ट्रकखाली शिरलेल्या गाडीतला माणूस त्या क्षणी काय बघत होता, हे सांगायला तो नसतो. फोन कुठल्या सीटखाली फुटून पडलेला असतो, तो कोण उघडून बघणार? माझ्या मुलाने तीन सेकंद उशिरा ब्रेक दाबला असता तर त्याची नोंदही वेगाच्या रकान्यातच गेली असती.

कॅमेरा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ९४.५ किलोमीटरवर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे. वेग, सीट बेल्ट, लेनची शिस्त यांच्याबरोबर हातातला फोनही ती टिपते. केंद्रीय नियम १६७-अ प्रमाणे अशा यंत्रणेला अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि पुढे कॅमेरे आहेत हे सांगणारे फलक रस्त्यावर लागतात. चलान चुकीचं वाटलं तर त्यातला फोटो बघून तक्रार करण्याचा हक्क आहे. तो वापरावा. न वापरता वर्षभर चलानं साठवून लोक अदालतीत कमी होतील म्हणून वाट बघत बसणारे माझ्या गल्लीतच चार आहेत.

फोन नसला तरी

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. वेगाची मर्यादा कारला १२०. सरळ, एकसुरी रस्ता, बराच वेळ काहीच बदलत नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तिथल्या अपघातांचा विचार करताना ‘रस्त्याच्या संमोहना’कडे बोट दाखवलं. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, गाडी चाललेली, आणि मन अर्धवट झोपेत. युटामध्ये फोनने जे केलं ते इथे कंटाळा करतो. उपाय साधा आहे, दीड-दोन तासांनी उतरायचं, चालायचं, चहा घ्यायचा. नव्या गाड्यांतले मोठे टचस्क्रीनही मला काळजीचे वाटतात. पूर्वी एसीची कळ बोटाला न बघता सापडायची. आता पंखा कमी करायलाही नजर खाली घालून तीन ठिकाणी बोट लावावं लागतं.

बोलावणारा कोण

मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना फोनवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रीकरण करून परिवहन मंत्र्यांना पाठवलं आणि चालकाची नोकरी गेली. त्या प्रवाशाने योग्य केलं. बसमधल्या बाकीच्यांच्या जिवाची जबाबदारी त्याने घेतली.

पण सगळे चालक करमणुकीसाठी फोन बघत नाहीत. रात्री दहा वाजता पावसात जेवण पोचवणाऱ्या पोराचा विचार करा. पुढची ऑर्डर फोनवरच येते, ठरलेल्या सेकंदांत बोट लावून स्वीकारावी लागते, नाहीतर दुसऱ्याला जाते. ग्राहक फोन करतो, “भैया, कुठे आहात?” त्याने नाही उचलला तर तक्रार, उचलला तर चलान. पकडला जातो तो एकटा. ज्या व्यवस्थेने त्याचं बोट स्क्रीनवर खेचून आणलं तिच्यावर एकही रुपयाचा दंड बसत नाही.

मोटार वाहन कायद्यात एक कलम आहे, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही. कलम १८८. धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं यांसारख्या गुन्ह्यांना चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा. ‘चिथावणी’ सिद्ध करायला जाणीवपूर्वक प्रवृत्त केल्याचं दाखवावं लागतं, त्यामुळे आईच्या “कुठपर्यंत आलास?” ला हे कलम लागणार नाही. पण जो मालक म्हणतो, “गाडी चालवत असलास तरी फोन उचललाच पाहिजे, नाहीतर उद्या येऊ नकोस,” त्याच्यासाठी हे शब्द तिथे लिहिलेले आहेत. ते वापरून बघण्याची वेळ आली आहे, असं माझं मत आहे. ज्या कचेऱ्या आणि कंपन्या आपल्या माणसांना दिवसभर रस्त्यावर ठेवतात, त्यांनी चालत्या गाडीत फोन न उचलण्याचा लेखी नियम करावा. न उचलल्याबद्दल कुणाला जाब विचारू नये.

विमानात असा नियम आहे. अमेरिकेत १९८१ पासून, विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना, म्हणजे चढताना आणि उतरताना, वैमानिकांनी कामाशिवाय एकही शब्द बोलायचा नाही. १९७४ मध्ये शार्लटजवळ धुक्यात उतरताना विमान कोसळलं होतं आणि वैमानिक इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते, तपासात हे पुढे आलं, त्यानंतरच्या वर्षांत हा नियम झाला. दोन प्रशिक्षित माणसं, समोर शेकडो यंत्रं, तरी त्यांच्या गप्पांवर बंदी. आपल्याकडे पावसात वरंधा किंवा आंबोलीचा घाट एकटा उतरणारा माणूस घरच्यांना रविवारच्या बेताबद्दल उत्तरं देतो.

आमच्या घरात मुलाने आणि मी मिळून दोन फोन ठरवले. एक निघताना, इंजिन सुरू करण्याआधी. एक पोचल्यावर. मध्ये काही सांगायचं असेल तर त्याने थांबून सांगायचं, मी लावायचा नाही. त्याच्या फोनवर गाडी सुरू झाली की आपोआप उत्तर जातं, ‘गाडी चालवतोय, थांबल्यावर बोलतो.’ पहिले तीन शुक्रवार मला जड गेले. आठ वाजले, साडेआठ झाले, नऊ झाले. मी फोन हातात घेऊन बसायची आणि ठेवून द्यायची. घरातल्या घड्याळाचा काटा एवढा मोठ्याने वाजतो, हे मला साठ वर्षांत कधी कळलं नव्हतं.

गेल्या शुक्रवारी सव्वाआठला फोन वाजला. “आई, शिरवळला थांबलोय चहाला. घाटाच्या अलीकडे. बोल, काय म्हणत होती मावशी?”